शब्दाला वजन येतं कुठून?

मीटिंग सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली होती. जुन्या सिस्टीममधल्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये न्यायच्या होत्या आणि त्याला किती दिवस लागतील यावर बोलणं चाललं होतं. मी म्हणाले, "जुन्या नोंदींत तारखा दोन पद्धतींनी लिहिल्यात. काही ठिकाणी दिवस आधी, काही ठिकाणी महिना आधी. तशाच उचलल्या तर ५ मार्चचा ३ मे होईल." सर मान वर न करता म्हणाले, "हो हो, ते बघू." बोलणं पुढे सरकलं. दहाएक मिनिटांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा सहकारी म्हणाला, "मला एक रिस्क दिसतेय. तारखांच्या फॉरमॅटमध्ये घोळ होऊ शकतो." सर उठले, मार्कर घेतला, फळ्यावर 'तारखा तपासणे' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघा मला अजून आठवतात. मुद्दा मार्गी लागला होता, काम बिघडायचं वाचलं होतं, म्हणजे खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण घसा दाटून आला होता आणि त्याचीच लाज वाटत होती. एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं, असं मी स्वतःलाच बजावत होते.

हे ज्यांच्या वाट्याला रोज येतं त्यांना वेगळं सांगायला नको. कुणी शिवी देत नाही, कुणी आवाज चढवत नाही. बोलणं अर्ध्यात तोडलं जातं, सूचना हसण्यावारी नेली जाते, ईमेलला उत्तर येत नाही, आपल्याच कामाबद्दलचा निर्णय दुसऱ्याच कुणाकडून कळतो. तक्रार करावी तर हातात दाखवण्यासारखं काही नसतं. मग माणूस खापर स्वतःवर फोडतो की मीच कुठेतरी कमी पडते. मला या लेखात ते खापर जरा बाजूला सरकवायचं आहे. कुणाच्या शब्दाला किती वजन मिळणार, हे त्याने तोंड उघडायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. ते कसं ठरतं, याचा अभ्यास सत्तर वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि तो कामाच्या ठिकाणी गप्प बसवलं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.

उतरंड किती लवकर लागते

१९५० च्या आसपास हार्वर्डमध्ये रॉबर्ट बेल्स हे समाजशास्त्रज्ञ छोट्या गटांचं निरीक्षण करत होते. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकत्र बसवायची, चर्चेला एखादा प्रश्न द्यायचा आणि कोण किती बोललं, कुणाला उद्देशून बोललं, याची बारकाईने नोंद ठेवायची. या गटांत कुणी साहेब नव्हता, कुणी हाताखालचा नव्हता. तरी थोड्याच वेळात उतरंड लागायची. एक-दोघं सर्वांत जास्त बोलायचे, बाकीचे त्यांच्याकडे बघून बोलायचे. आणि एकदा लागलेली उतरंड सहसा हलायची नाही.

असं का होतं, याचं उत्तर जोसेफ बर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दोन दशकांत शोधलं. गटाला काम उरकायचं असतं. कुणाचं ऐकावं हे ठरवायचं असतं, पण कुणाला खरंच किती येतं याचा पुरावा सुरुवातीला कुणाकडेच नसतो. मग माणसं डोळ्यांना आणि कानांना जे कळतं त्यावरून अंदाज बांधतात: पद, वय, स्त्री की पुरुष, वर्ण, पदवी, बोलण्याचा लहेजा. हातातल्या कामाशी या गोष्टींचा संबंध असो वा नसो. त्या अंदाजातून अपेक्षा तयार होते आणि तिथून एक चक्र सुरू होतं. ज्याच्याकडून अपेक्षा जास्त, त्याला बोलायला वेळ जास्त मिळतो, तो अडखळला तर लोक थांबतात, चुकला तर पोटात घालतात. ज्याच्याकडून अपेक्षा कमी, त्याला माहीत असतं की आपल्याला कधीही तोडतील. म्हणून तो भरभर बोलतो, अर्धं गिळतो, मुद्दा नीट उलगडत नाही. आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, बघा, याच्या बोलण्यात दम नाहीच.

यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. बर्जर यांच्या मांडणीतला मला सर्वांत जड वाटणारा भाग वेगळाच आहे: ती कमी अपेक्षा बहुतेक वेळा त्या माणसाच्या स्वतःच्या मनातही उतरते. आपण बोलण्याआधी "माझा मुद्दा लहानच आहे, पण" असं म्हणतो ना, ते त्याच उतरंडीचं बोलणं असतं.

कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किलडफ यांनी २००९ मध्ये छापलेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. त्यांनी गटांना गणितं सोडवायला दिली. गणित एवढ्यासाठी, की त्यात बरोबर उत्तर एकच असतं, मतांना वाव नसतो. जी माणसं ठामपणे बोलत होती त्यांना बाकीच्यांनी हुशार मानलं. त्यांची उत्तरं तपासल्यावर ती इतरांपेक्षा जास्त बरोबर होती असं काही निघालं नाही. ती फक्त आधी बोलली होती आणि जास्त वेळा बोलली होती. ९४ टक्के वेळा गटाने शेवटी स्वीकारलेलं उत्तर हे सुरुवातीला कुणीतरी पहिल्यांदा सुचवलेलंच उत्तर होतं.

याला अजून एक गोष्ट जोडली की माझ्या त्या मीटिंगचं कोडं बरंचसं सुटतं. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट सर्वांना आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतो. जी माहिती एकट्यादुकट्याकडे असते ती बाहेर येत नाही, आली तरी कुणी धरून ठेवत नाही. त्यांच्या प्रयोगात गटाला एक उमेदवार निवडायचा होता. निर्णय बदलून टाकणारी माहिती सदस्यांमध्ये विखुरलेली होती, आणि बहुतेक गटांनी चुकीचा उमेदवार निवडला. जुन्या नोंदी त्या खोलीत फक्त मी उघडून पाहिल्या होत्या. माझं वाक्य आलं तेव्हा ते कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. दहा मिनिटांनी तेच वाक्य दुसऱ्या तोंडून आलं तेव्हा ते सगळ्यांच्या कानांवरून एकदा जाऊन आलेलं होतं. म्हणून मला वाटतं, त्या सहकाऱ्यानेही मुद्दा चोरला नव्हता. तो कुठून आला हे बहुधा त्यालाही आठवत नसावं. हे समजायला मला फार वर्षं लागली, आणि तोवर मी त्याच्यावर उगाच राग धरून होते.

"तो अजून बाजूला झाला नाही का?"

दुर्लक्षाची किंमत कुठवर जाऊ शकते, याचं एक उदाहरण वैमानिकांच्या प्रशिक्षणात सांगितलं जातं.

२७ मार्च १९७७, कॅनरी बेटांपैकी तेनेरिफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे बरीच विमानं तेनेरिफच्या लहानशा विमानतळाकडे वळवली होती. दुपारनंतर दाट धुकं उतरलं. केएलएम कंपनीचं बोईंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणाच्या तयारीत उभं होतं. त्याच धावपट्टीवर पॅन अॅमचं दुसरं ७४७ सरकत येत होतं. धुक्यामुळे दोघांना एकमेकांची विमानं दिसत नव्हती.

केएलएमचे कॅप्टन साधेसुधे नव्हते. ७४७ चं प्रशिक्षण देणाऱ्यांत ते कंपनीतले प्रमुख होते आणि कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो होता. त्यांनी इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिकाने सांगितलं की अजून परवानगी मिळालेली नाही. ते थांबले. मग कोणत्या मार्गाने जायचं ती सूचना आली, पण उड्डाणाची परवानगी अशी आली नव्हती. तरी कॅप्टननी विमान सोडलं. या वेळी सहवैमानिकाने पुन्हा अडवलं नाही. तेवढ्यात रेडिओवर पॅन अॅमचा आवाज आला की धावपट्टी मोकळी केली की कळवतो. मागच्या जागेवर बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने ते टिपलं. त्याने विचारलं, "तो अजून बाजूला झाला नाही का, तो पॅन अमेरिकन?" कॅप्टननी ठासून सांगितलं की झालाय. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमानांची टक्कर झाली. ५८३ माणसं गेली.

त्या अपघाताला कारणं पुष्कळ होती. धुकं होतं, दोन संदेश एकाच वेळी आल्याने रेडिओवर नुसती शीळ ऐकू आली होती, ठरलेले शब्द न वापरता बोलणं झालं होतं. पण खोलीतल्या, म्हणजे इथे कॉकपिटमधल्या, एका माणसाला योग्य शंका आली होती, त्याने ती बोलूनही दाखवली होती आणि तिला वजन मिळालं नव्हतं. त्याचं ऐकायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. फक्त समोरच्या माणसाच्या शब्दाला इतकं वजन होतं की दुसऱ्या पारड्यात काही पडल्याचं कळलंच नाही.

विमानवाहतुकीने यातून जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. अशाच आणखी अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी पहिला अभ्यासक्रम सुरू केला आणि आज तो क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या नावाने जगभर सक्तीचा आहे. त्यात कनिष्ठांना स्पष्ट बोलायला शिकवतात आणि कॅप्टनना ऐकायला शिकवतात. दोन्ही. आपल्या ऑफिसांमध्ये बहुतेक वेळा यातला पहिला अर्धाच शिकवला जातो. ज्याचं ऐकत नाहीत त्यालाच आत्मविश्वासाच्या प्रशिक्षणाला पाठवतात. आणि त्याने खरंच ठामपणे बोलायला सुरुवात केली, विशेषतः ती बाई असली किंवा वयाने लहान असली, की तिला उद्धट म्हणतात.

मनाला लागतं ते का

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने एक साधा खेळ तयार केला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिघं चेंडू एकमेकांकडे टाकत असतात. त्यातले एक आपण. सुरुवातीला एक-दोनदा चेंडू आपल्याकडे येतो, मग बाकीचे दोघं आपापसातच खेळत राहतात. अनोळखी माणसं, क्षुल्लक खेळ, काही मिनिटांचा मामला. तरी माणसं दुखावतात. आपण कुणाचे आहोत, आपल्या हातात काही आहे, आपल्याला काही किंमत आहे, या सगळ्या भावना एकदम खाली येतात. २००४ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात समोरचे खेळाडू माणसं नसून कॉम्प्युटरच आहे, असं आधी सांगितलं, तरी फरक पडला नाही. तेव्हा रोज आठ तास ज्यांच्यासोबत काढायचे त्यांनी चेंडू टाकला नाही तर लागणारच. "एवढं काय मनावर घेतेस" हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण तो शरीराच्या कामकाजाशी जुळत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये याला अन्याय हाच शब्द वापरला. बोलणारा कोण आहे यावरून पूर्वग्रहाने त्याच्या सांगण्यावर कमी विश्वास ठेवला, तर जाणणारा माणूस म्हणून त्याचा जो हक्क आहे तोच नाकारला जातो. मला हे वाचून मोकळं वाटलं होतं. दुखतंय त्याला नाव मिळालं की निदान आपण वेडे नाही एवढं तरी कळतं.

पण खरंच दुर्लक्षच आहे का?

हा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपलं म्हणणं न पटणं आणि आपलं म्हणणं न ऐकणं यांत फरक आहे. कुणी म्हणालं, "तुझा मुद्दा कळला, पण तेवढा वेळ नाही, म्हणून या खेपेला नको," तर त्याने ऐकलं. नकार दिला, पण कारण देऊन दिला. "ते बघू" यात कारण नसतं. मी स्वतःपुरती ही खूण ठरवली आहे: नकाराला कारण जोडलेलं होतं का? शिवाय हे एकाच माणसाकडून होतंय की सगळ्यांकडून, एकाच विषयावर की कुठल्याही, माझ्याच बाबतीत की खोलीतल्या आणखी कुणाच्या, हे दोन-तीन आठवडे शांतपणे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. वरिष्ठ सगळ्यांचंच अर्धवट ऐकत असतील तर तो त्यांचा दोष आहे आणि त्यावरचा उपाय वेगळा आहे.

कधी कधी आपण सांगितलं असं आपल्याला वाटतं, पण समोर पोचलेलंच नसतं. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये केलेला प्रयोग यासाठी लक्षात ठेवावा असा आहे. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, सगळं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. मी त्या मीटिंगमध्ये तारखांचं बोलले तेव्हा त्यामुळे किती हजार नोंदी बिघडतील, त्या दुरुस्त करायला किती दिवस जातील, हे माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. बोलले मात्र फक्त ५ मार्च आणि ३ मे. माझी टकटक त्यांनी ऐकली नाही हे खरं, पण मी गाणंही वाजवलं नव्हतं.

काय उपयोगी पडतं

विमानाच्या क्षेत्राने शिकवलेली बोलण्याची रीत ऑफिसातही चालते. आडून प्रश्न विचारायचा नाही. नाव घेऊन बोलायचं, चिंता काय आहे ते सांगायचं, ती खरी ठरली तर काय होईल ते सांगायचं, आपला तोडगा ठेवायचा आणि होकार की नकार हे विचारायचं. माझं त्या दिवशीचं वाक्य असं व्हायला हवं होतं: "सर, तारखांची मला काळजी वाटते. तशाच नेल्या तर निम्म्या नोंदी चुकतील आणि ते महिनाभर कळणारही नाही. तपासायला मला दोन दिवस द्या. देता का?" शेवटच्या दोन शब्दांमुळे "ते बघू" म्हणणं अवघड होतं. आणि पहिल्यांदा उडवून लावलं तर तोच मुद्दा दुसऱ्यांदा मांडायचा. रुग्णालयांमधल्या पथकांना हा दोनदा सांगण्याचा नियम म्हणूनच शिकवतात. दुसऱ्यांदा सांगणं हट्टीपणाचं वाटतं, पण कॅप्टननी ठासून सांगितल्यावरही इंजिनिअरने पुन्हा विचारलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तरीही एकट्याच्या बोलण्याला मर्यादा आहे. सर्वांत मोठा फरक पडतो तो सोबतीने. सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग अनेकांनी ऐकले असतील: रेघांची लांबी ओळखायची, बाकी सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात आणि बरीच माणसं डोळ्यांना दिसत असलेलं सोडून त्यांच्या मागे जातात. कमी सांगितला जाणारा भाग हा, की गटात एकाने जरी खरं उत्तर दिलं तरी चुकीला शरण जाणं आधीच्या साधारण एक-चतुर्थांशावर यायचं. एक माणूस पुरतो.

ओबामा अध्यक्ष असताना व्हाइट हाउसमधल्या स्त्री अधिकाऱ्यांनी हेच ठरवून केलं. एकीने मुद्दा मांडला की दुसरी तो पुन्हा मांडायची आणि तो कुणाचा आहे ते नाव घेऊन सांगायची. मुद्दा ऐकला जायचा आणि दुसऱ्याच्या खात्यावरही जायचा नाही. हे करायला पद लागत नाही, परवानगी लागत नाही. ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे अशा एकाला मीटिंगच्या आधी मुद्दा सांगून ठेवा. तुम्ही त्याच्यासाठी करा, तो तुमच्यासाठी करेल. आणि ज्याच्या शब्दाला आधीच वजन आहे त्याने एवढंच म्हटलं, "हे तिने मघाशी सांगितलं, तिचं पूर्ण ऐकू," तर त्याचं काहीच कमी होत नाही.

लेखी ठेवणंही कामाचं. मीटिंगनंतर चार ओळींचा ईमेल: आज मी हे सांगितलं, यावर काय ठरलं. कुणाला कोंडीत पकडायला नव्हे, तर मुद्दा हवेत विरून जाऊ नये म्हणून. आणि दुर्लक्ष मुद्दाम होत असेल, तुमच्या कोण असण्यावरून होत असेल, तर तारखांसह हीच नोंद पुढे तक्रारीला आधार होते. काही ठिकाणी हे सगळं करूनही काही हलत नाही. अशा जागेतून योग्य वेळी बाहेर पडलेल्यांना मी पळपुटं म्हणणार नाही. दुसऱ्या खोलीत गेल्यावर त्याच माणसाचे शब्द सगळेजण वहीत उतरवून घेताना मी पाहिलं आहे.

आता दुसरी बाजू. काही वर्षांनी मी स्वतः टीम सांभाळायला लागले. एकदा काम ऐन वेळी अडलं आणि कारण शोधता शोधता मी जुने ईमेल उघडले. टीममधल्या सर्वांत नव्या मुलाने सहा आठवड्यांपूर्वी नेमकी हीच अडचण तीन ओळींत लिहिली होती. सुरुवात होती, "कदाचित मी चुकत असेन, पण". खाली माझं उत्तर होतं. एकच शब्द: "बघते."

मी त्याच्या जागेपाशी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "नाही मॅडम, मी मीटिंगमध्येपण सांगितलं होतं. मग म्हटलं, तुम्हाला माहीत असेलच." मीटिंगमध्ये त्याने सांगितलेलं मला आठवतही नव्हतं.

तेव्हापासून मी माझं मत शेवटी सांगते आणि आधी एकेकाला विचारते. पहिल्या सोमवारी तो म्हणाला, "माझं काही नाही." दुसऱ्या सोमवारीही तेच. चौथ्या की पाचव्या आठवड्यात त्याने वही उघडली आणि बोलला. कुणीतरी मध्येच सुरू झालं, तेव्हा मी म्हणाले, "त्याचं होऊ दे आधी." आता तो बऱ्याचदा बोलतो. वाक्याची सुरुवात मात्र अजूनही "कदाचित मी चुकत असेन, पण" अशीच असते.